काचपात्रातील पाणी

सन १६६५ च्या मे महिन्याची २८ तारीख. लंडन शहरात प्लेगच्या साथीने नुकतेच डोके वर काढिले होते. अशा दिवसांत इंग्लंडच्या आरमारी कचेरीतील एक अधिकारी सॅम्युएल पेपिस हे पत्नीसह एका परिचित कुटुंबाकडे गेले असता तेथील यजमानीणबाईंनी त्यांना एक अपूर्व वस्तू दाखविली. पाण्याने भरलेले एक काचेचे पात्र, आणि त्यात संथपणे फिरणारे परदेशी मासे! माशांच्या अंगावरील नक्षीचे पेपिस यांना मोठे कौतुक वाटले. हे मासे अशा पात्रात सदासर्वकाळ जिवंत राहतात, असेही त्यांनी आपल्या रोजनिशीत नमूद करून ठेविले.

सदासर्वकाळ! घरात मासे पाळण्याचा सारा इतिहास या एका शब्दाभोवती फिरतो असे म्हणावयास हरकत नाही. पेपिस यांचा समज भाबडा होता. परंतु तो एकट्या पेपिस यांचा नव्हता. काचेत पाणी आहे, पाण्यात मासा आहे, वेळच्या वेळी चिमूटभर अन्न पडत आहे. मग उणे ते काय, असा प्रश्न त्यांच्यामागून कितीतरी पिढ्यांनी स्वतःशी केला, आणि दोनचार दिवसांनी पोट वर करून तरंगणारा मासा पाहून तो निरुत्तर सोडून दिला. उणे काय होते हे कळावयास पुढे सव्वादोनशे वर्षे लागली, आणि ते नीट उमगावयास आणखी शंभर. उत्तर माशात नव्हतेच. ते पाण्यात होते.

माशांना अन्न घालण्याची हौस मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारी आमिषे, गळ टाकण्याची रीत, हे सर्व त्यात राजाच्या करमणुकीचे विषय म्हणून आले आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीच्या आश्रयाने राहणारे महासीर जातीचे मासे 'देवाचे मासे' म्हणून ओळखले जातात. त्यांना कोणी मारीत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात. परंतु या दोन्ही ठिकाणी मनुष्याने माशाकडे पाहावे आणि पाण्याकडे नदीने पाहावे, अशी कामाची वाटणी असते. नदीपासून मासा तोडला आणि घरात आणला की नदीचे काम मनुष्याच्या अंगावर येते. हे काम किती मोठे आहे, याची पहिली जाणीव चीन देशातील लोकांना झाली.

सोनेरी मासा हा मूळचा चीनमधील एक साधा, खाण्याचा, करड्या-हिरवट रंगाचा मासा. रोहू आणि कटला ज्या कुळातील, त्याच कुळातला. क्वचित एखाद्या पिल्लाच्या अंगी काळसर रंगद्रव्य उपजतच नसे. मग त्याची कातडी तांबडी-सोनेरी दिसे. असा झळाळणारा जीव नदीत फार काळ टिकत नाही. बगळ्याच्या दृष्टीस तोच प्रथम पडतो. परंतु बौद्ध धर्मीयांत प्राण्यांना जीवदान देण्याची चाल होती, आणि मठांच्या तळ्यांत असे सोडलेले मासे सुरक्षित राहात. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास अशा तळ्यांतून सोनेरी मासे नांदू लागले. बाराव्या शतकात सुंग घराण्याचा दरबार हांगचौ येथे असता राजवाड्याच्या बागांतून त्यांच्यासाठी तळी बांधली गेली.

खरा पालट झाला तो पुढे मिंग घराण्याच्या अमदानीत, मासा तळ्यातून मातीच्या मोठ्या कुंडात आला तेव्हा. तळे ही श्रीमंतांची वस्तू. कुंड मात्र साध्या गृहस्थाच्या अंगणातही ठेवता येई. कुंडात शत्रू नव्हता, झुंज नव्हती, म्हणून दुहेरी शेपटीचे, बटबटीत डोळ्यांचे, गोल पोटाचे जे मासे तळ्यात एक ऋतूही जगले नसते ते येथे जगले, वाढले आणि त्यांची पैदास झाली. कुंडाच्या भिंती अपारदर्शक, अर्थात् मासा पाहावयाचा तो वरून. आजही अनेक जातींच्या सोनेरी माशांचे सौंदर्य वरूनच अधिक खुलते, याचे कारण हेच होय. सन १५९६ मध्ये चांग छिएन-ते नामक लेखकाने शेंदरी माशांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. सोनेरी माशांवरील हा पहिला स्वतंत्र ग्रंथ समजला जातो. पुष्कळ मासे विकत घ्यावेत, ते अनेक कुंडांतून वाढवावेत, दररोज त्यांतील सामान्य मासे काढून टाकावेत आणि शंभरांतून एकदोन ठेवावेत, असा त्याचा उपदेश आहे. या उपदेशामागे रसिकता आहे तशी मेहनतही आहे. कारण कुंडातील जुने पाणी काढून नवे घालणे हा त्या पाळणुकीचा नित्यक्रम होता. पाणी का बिघडते हे त्या लोकांस माहीत नव्हते. ते बिघडते एवढे मात्र ते पक्के ओळखून होते.

चीनमधून हा मासा जपानात गेला. तेथे १७४८ साली सोनेरी माशांच्या संगोपनावर एक पुस्तक प्रसिद्ध झाले. सन १७२४ मध्ये यानागिसावा घराण्याचा सरदार यामातो प्रांतातील कोरियामा येथे बदलून आला तेव्हा त्याच्याबरोबर सोनेरी मासेही आले, अशी त्या गावची परंपरा सांगते. तेथील तुटपुंज्या वेतनाच्या सामुराईंनी जोडधंदा म्हणून त्यांची पैदास सुरू केली. शेतीसाठी बांधलेली तळी आणि त्यांत आपोआप होणारे बारीक पाणकिडे यांमुळे तो धंदा तेथे मूळ धरून राहिला. चिनी आणि जपानी पाळणारे अशा रीतीने अनुभवाच्या बळावर पाणी सांभाळीत आले. युरोपने मात्र मासा घेतला आणि अनुभव मागे ठेविला.

युरोपात सोनेरी मासा सतराव्या शतकात पोहोचला आणि अठराव्या शतकात तो उमरावांच्या दिवाणखान्यांचे भूषण झाला. होरेस वॉल्पोल या इंग्रज गृहस्थांची लाडकी मांजर १७४७ साली सोनेरी माशांच्या चिनी मातीच्या टोपात बुडून मेली आणि तिच्यावर कवी टॉमस ग्रे यांनी विलापगीत रचिले, ही गोष्ट इंग्रजी साहित्याच्या वाचकांस ठाऊक आहे. मांजरीसाठी कवी मिळाला. टोपातल्या आणि हंड्यांतल्या माशांसाठी कोणी मिळाला नाही. काचेच्या गोल हंडीत मासा बाजूने दिसे, मोठा दिसे आणि चकाके, म्हणून हंडी लोकप्रिय झाली. ती शोभा वाढावी म्हणून हंडी गळ्यापर्यंत भरीत. गोल हंडीचा गळा अरुंद. त्यामुळे पाणी जितके अधिक भरावे तितका हवेला लागणारा त्याचा पृष्ठभाग कमी होतो. सौंदर्यासाठी केलेली ही योजना माशाच्या गळ्याला फास ठरली. दररोज पाणी बदलावे तेव्हा कोठे मासा तग धरी. आणि बदललेले पाणी फार थंड किंवा फार निराळे असले तर त्या बदलानेच तो मरे.

यानंतरची वाट दाखविली ती मत्स्यप्रेमी लोकांनी नव्हे, तर रसायनशास्त्रज्ञांनी. सन १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली यांस असे आढळून आले की, मेणबत्ती जळून दूषित झालेल्या बंद हवेत पुदिन्याची डहाळी ठेविली तर काही दिवसांनी तीच हवा पुन्हा मेणबत्ती जळण्यास योग्य होते. यान इंगेनहाउस यांनी १७७९ साली सिद्ध केले की, वनस्पतीचा हा गुण तिच्या हिरव्या भागांत असून तो सूर्यप्रकाशातच प्रकट होतो. पाण्यात बुडविलेल्या पानांवर उन्हात वायूचे बुडबुडे धरतात, अंधारात धरीत नाहीत. प्राणी ज्या वायूने हवा बिघडवितो तो वनस्पती वापरते, आणि प्राण्यास जो प्राणवायू हवा तो वनस्पती देते, हे सृष्टीचे देणेघेणे अशा रीतीने उघडकीस आले. पाण्यात विरघळलेल्या हवेसही हाच न्याय लागू पडतो, हे पुढचे पाऊल होते.

ते पाऊल पडण्यापूर्वीचा एक प्रसंग मोठा बोलका आहे. सन १८४६ मध्ये ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या समुद्रकिनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणिले. समुद्राचे पाणी दररोज मिळण्याजोगे नव्हते. म्हणून त्यांनी उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतण्याची व्यवस्था केली. हे काम दररोज अर्धापाऊण तास चाले आणि ते घरातील मोलकरणीस करावे लागे. पुढील वर्षी त्यांनी पात्रात समुद्रवनस्पती ठेविल्या आणि प्रवाळ पुढे काही वर्षे जगले. त्या अनामिक मोलकरणीचे हात जे करीत होते तेच आज घरोघरच्या मत्स्यपेट्यांत विजेचा लहानसा पंप करितो: पाण्याला हवेची भेट घडवून आणणे.

गोड्या पाण्यावरील निर्णायक प्रयोग मात्र रॉबर्ट वॉरिंग्टन यांचा. हे लंडनच्या औषधिविक्रेत्यांच्या संस्थेतील रसायनज्ञ असून तेथील केमिकल सोसायटीच्या स्थापनेत त्यांचा प्रमुख वाटा होता. सन १८४९ मध्ये त्यांनी सुमारे १२ गॅलन, म्हणजे ५५ लिटरच्या आसपास पाणी मावणारे एक काचपात्र घेतले. तळाशी वाळू व चिखल घातला, आडोशासाठी काही दगड ठेविले, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लाविली आणि त्यात दोन लहान सोनेरी मासे सोडिले. पाणी बदलावयाचे नाही, असा संकल्प होता. काही काळ सर्व सुरळीत चालले. नंतर वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले, काचेवर हिरवट बुळबुळीत थर बसला आणि माशांच्या जिवाला धोका उत्पन्न झाला. दुसरा कोणी असता तर त्याने पात्र रिकामे केले असते. वॉरिंग्टन यांनी तळ्याकडे पाहिले. तळ्यात पाने कुजतात, तरी तळे नासत नाही; असे का? त्यांनी पाच-सहा पाणगोगलगायी आणून पात्रात सोडिल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि काचेवरील थर खाऊन टाकिला, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना आयते खाद्य झाली. मासा, वनस्पती आणि गोगलगाय असा हा तिघांचा संसार महिनोन्महिने चालला. १८५० मध्ये वॉरिंग्टन यांनी आपला वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे मांडिला. पाणी न बदलता त्याला जिवंत ठेवण्याचे रहस्य सापडले, असे सर्वांस वाटले.

काळ अनुकूल होता. इंग्लंडात काचेवर १७४६ पासून असलेला कर १८४५ साली उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. सन १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे पहिले सार्वजनिक काचगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांनी 'ॲक्वेरियम' या नावाचेच पुस्तक प्रसिद्ध केले आणि तो शब्द सर्वतोमुखी झाला. मग मत्स्यपेटीचे वेडच पसरले. मध्यमवर्गीय घरातील खिडकीत ती दिसू लागली. तिच्यासाठी दुकाने निघाली, मार्गदर्शक पुस्तके निघाली. आणि हे वेड जसे आले तसे ओसरलेही. रेव्हरंड जे. जी. वुड यांनी १८६८ साली लिहिले की, दहांतील नऊ मत्स्यपेट्या लोकांनी टाकून दिल्या. वॉरिंग्टन यांचे रहस्य खरे होते, तर दहांतील नऊ जणांस ते लाभले का नाही?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी एका पाहुण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. सन १८६९ मध्ये चीनमधून काही छोटे रंगीत मासे जिवंत स्थितीत पॅरिसला आले. तेथील मत्स्यपालक पिएर कार्बोनिये यांनी त्यांची पैदास केली. हाच पुढे 'स्वर्गमत्स्य' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झालेला मासा. जहाजावरील भांड्यांत जेथे इतर मासे गुदमरून मेले असते तेथे यांतील काही जगले, याचे कारण त्यांच्या कल्ल्यांवर असलेला एक विशेष अवयव होय. त्याच्या साहाय्याने हा मासा पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. महाराष्ट्रातील वाचकांस यात नवल वाटू नये. बाजारात पाण्याबाहेर काढलेली मरळ बराच वेळ जिवंत राहते ती अशाच सोयीमुळे. स्वर्गमत्स्याच्या यशाने एक गोष्ट सिद्ध झाली: काचपात्रातील मासे उपासाने मरत नसत, ते बहुधा श्वासावाचून मरत. ज्याला पाण्यातील श्वासावर विसंबून राहण्याचे कारण नव्हते, तो तरला.

परंतु श्वास हे अर्धेच उत्तर होते. पाण्यात हवा पुरेशी असूनही मासे मरत, आणि विशेषतः नव्या, स्वच्छ, लखलखीत पेटीत मरत. हे कोडे मत्स्यपेटीपाशी सुटले नाही. ते सुटले गटाराच्या पाण्यापाशी आणि शेताच्या मातीत. सन १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघा शास्त्रज्ञांनी वाळूने भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. काही आठवड्यांनी त्यातील अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तेव्हा ही क्रिया थांबली. पुढे ताज्या मातीचे पाणी घातले तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. क्लोरोफॉर्मने जे निपचित पडते आणि मातीने जे पुन्हा जागते ते निर्जीव रसायन असू शकत नाही; ते सजीवच असले पाहिजे, हे त्यांचे अनुमान अचूक होते.

या शोधाचा मागोवा इंग्लंडात ज्यांनी चिकाटीने घेतला त्यांचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन! सोनेरी माशांचा प्रयोग करणाऱ्या रसायनज्ञाचा हा पुत्र. १८४९ साली वडिलांचे काचपात्र मांडले गेले तेव्हा हा मुलगा अकरा वर्षांच्या आतबाहेरचा होता. वडील १८६७ मध्ये वारले. पुत्र पुढे रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेत मातीतील नत्राचा अभ्यास करू लागला. त्याने दाखवून दिले की, अमोनियाचे नायट्रेट एका दमात होत नाही. प्रथम एक प्रकारचे जंतू अमोनियाचे नायट्राइट करितात, मग दुसऱ्या प्रकारचे जंतू नायट्राइटचे नायट्रेट करितात. आणि हे काम अंधारात अधिक चांगले चालते. ते जंतू वेगळे करून दाखविण्यात मात्र तो यशस्वी झाला नाही. ते श्रेय १८९० मध्ये सेर्गेई विनोग्रादस्की यांच्याकडे गेले. तरी इतिहासाची ही योजना लक्षात ठेवण्याजोगी आहे. वडिलांनी पात्रातील तीन दृश्य रहिवासी मोजले होते: मासा, वनस्पती आणि गोगलगाय. चौथा रहिवासी डोळ्यांस न दिसणारा होता, आणि सर्वांत जड काम तोच करीत होता. त्याच्या कामाची रीत पुत्राने उलगडली.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि कुजणारी पाने यांतूनही तो निघतो. नदीत तो वाहून जातो. काचपात्रात साचतो आणि अल्प प्रमाणातही माशाला विष ठरतो. नायट्राइटही विषारीच, ते रक्ताचा प्राणवायू वाहण्याचा गुण हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. वॉरिंग्टन यांच्या पात्रातील वाळूचिखलात हे जंतू आपोआप आले होते, म्हणून त्यांचे मासे जगले. ज्या हौशी लोकांनी नवीकोरी पेटी आणून, वाळू लख्ख धुऊन, त्याच दिवशी डझनभर मासे सोडिले, त्यांच्या पेटीत हा चौथा रहिवासी अजून वस्तीला आलेलाच नव्हता. स्वच्छतेच्या हौसेने जे पेटी दर आठवड्यास तळापासून घाशीत, ते त्याची वस्ती दर आठवड्यास उठवीत. दहांतील नऊ पेट्या का टाकल्या गेल्या याचे एक मोठे कारण येथे मिळते.

तत्त्व कळण्यापूर्वी कृती साधणारी माणसे असतात, तसे एक विल्यम ॲल्फर्ड लॉइड होते. त्यांनी लंडनमध्ये मत्स्यपेट्यांचे दुकान चालविले आणि पुढे १८७१ साली उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयाची रचना केली. दाखवावयाच्या हौदांपेक्षा अनेक पटींनी मोठा, अंधारा पाणीसाठा खाली ठेवून तेच पाणी पंपाने अखंड फिरते ठेवावयाचे, ही त्यांची पद्धत. ज्या अंधारात हे जंतू जोमाने काम करितात, असे पुढे वॉरिंग्टनपुत्राने दाखविले, त्या अंधाराची सोय लॉइड यांनी निव्वळ अनुभवाने आधीच करून ठेविली होती.

विसाव्या शतकात ज्येष्ठ वॉरिंग्टन यांच्या सिद्धान्ताची फेरतपासणी झाली. वनस्पती प्राणवायू देते हे खरे. परंतु ती तो दिवसा देते आणि रात्री स्वतःच वापरते. अमेरिकेत सी. एम. ब्रेडर यांनी १९३० नंतरच्या दशकात मत्स्यपेटीतील वायूंच्या देवघेवीचा अभ्यास केला. जेम्स ॲट्झ यांनी १९४९ मध्ये एक लेख लिहून 'समतोल मत्स्यपेटी' ही कल्पना म्हणजे एक दंतकथा आहे असे स्पष्ट सांगितले. पेटीतील श्वासोच्छ्वासाचा मुख्य दरवाजा वनस्पती हा नसून पाण्याचा उघडा पृष्ठभाग हा आहे. अधिक झालेला वायू तेथून निसटतो आणि कमी पडलेला तेथूनच आत येतो. गळ्यापर्यंत भरलेल्या गोल हंडीवरील आरोप अशा रीतीने शाबीत झाला. अदृश्य रहिवाशांची ओळखही नंतर बदलली. गोड्या पाण्याच्या पेटीत नायट्राइटचे काम करणारे जंतू बहुतांशी नायट्रोस्पायरा जातीचे असतात, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अमोनियाचे काम पुष्कळ पेट्यांत आर्किया नामक निराळ्याच सूक्ष्मजीवांकडे असते, असे २०११ मध्ये आढळले. मोलकरणी कोण हे पुन्हा पुन्हा नव्याने ठरत गेले. मोलकरणीवाचून घर चालत नाही, हे मात्र कायम राहिले.

महाराष्ट्रात मत्स्यालयाची गोडी सर्वसामान्यांस लागली ती मुंबईच्या चौपाटीनजीक १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. काचेमागचे मासे पाहून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी घरी पेटीचा हट्ट धरला असेल. त्याआधीही एक मासा येथे येऊन स्थायिक झाला होता, तो म्हणजे गप्पी. त्रिनिदाद येथील रॉबर्ट गप्पी यांनी त्याचे नमुने ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले आणि १८६६ मध्ये त्यांचे नाव त्यास मिळाले. डासांच्या अळ्या खाण्याच्या गुणामुळे विहिरी व टाक्या यांतून त्यास मुद्दाम सोडण्यात आले. पण जो पेटीत गोड, तो ओढ्यात गोड असतोच असे नाही. परदेशी मासा नदीनाल्यात सोडला तर तेथील मूळच्या माशांच्या तोंडचा घास जातो. म्हणून नकोशी झालेली पेटी जवळच्या तळ्यात रिकामी करणे हे भूतदयेचे कृत्य नव्हे.

या इतिहासाने दिवाणखान्यातील पेटीस काय शिकविले, ते थोडक्यात सांगता येते. पेटी उंच व निमुळती असण्यापेक्षा लांबरुंद असावी. नव्या पेटीत अदृश्य रहिवाशांची वस्ती होण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे थोडे, किंवा मुळीच नसावेत. जुन्या, निरोगी पेटीतील मूठभर वाळू नव्या पेटीत घातली तर हा काळ कमी होतो. पाणी सगळे एकदम न बदलता दर आठवड्यास चौथा-पाचवा हिस्सा बदलावा. गाळणीतील स्पंज नळाच्या धारेखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन ते एक दिवस उघडे ठेवल्याने किंवा छायाचित्रकार ज्यास हायपो म्हणतात त्या क्षाराच्या कणाने जातो. क्लोरामीन वापरले असेल तर मात्र नुसते ठेवून भागत नाही. अन्न दोनतीन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. आणि लंडनचे हिशेब मुंबई-नागपुरास जसेच्या तसे लावू नयेत. कारण १० अंश तपमानाच्या एका लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. उन्हाळ्यात पेटी तीच असली तरी माशांच्या दृष्टीने तिची हवा घटलेली असते.

या सर्व नियमांत मासा हा शब्द फार थोड्या वेळा येतो, पाणी हा शब्द पुनःपुन्हा येतो. मासा पाळणे म्हणजे वस्तुतः पाणी पाळणे होय, हे समजण्यासाठी असंख्य मुक्या जिवांचे मोल मोजावे लागले. समजल्यावर काय होऊ शकते याचे उदाहरण इंग्लंडातच आहे. तेथे १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक सोनेरी मासा ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मेला. जत्रेतले मासे एरवी घरी येऊन आठवडा-पंधरवड्यात संपतात. सॅम्युएल पेपिस यांचे 'सदासर्वकाळ' मनुष्यासही लाभत नाही, मग माशास कोठून लाभणार? परंतु एका घरात लहानाची मोठी झालेली मुले आपल्या मुलांस तोच मासा दाखवू शकतील, इतका दीर्घ काळ त्या काचेतील पाणी जिवंत ठेविता येते. आणि ते ठेवणे सर्वस्वी घरच्या माणसांच्या हातचे आहे.